त्रेसष्ट पावलं: रिचमंडच्या फुटपाथवर आकडे उभे करताना

व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड. तिथल्या जॅक्सन वॉर्डातून उत्तरेला गिल्पिन कोर्टकडे चालत निघालं की मध्ये पूल लागतो. खाली आय-९५ महामार्ग. पुलाच्या मध्यावर शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. १९५८ पर्यंत इथे पूल नव्हता, कारण ओलांडायला काही नव्हतंच. दोन्हीकडची वस्ती एकच होती.

त्या काळात जॅक्सन वॉर्ड ही कृष्णवर्णीयांची वस्ती, तिला न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वस्तीवरून दक्षिणेतलं हार्लेम म्हणत. १९०३ मध्ये मॅगी वॉकर यांनी इथे सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. बँकेची सनद मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. ली स्ट्रीटवरचं त्यांचं घर आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. मग द्रुतगती रस्त्याची टूम निघाली. शहराच्या मतदारांनी तो प्रस्ताव दोनदा फेटाळला. तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने १९५४ मध्ये एक प्राधिकरण नेमून रस्ता त्याच्या हवाली केला. जॅक्सन वॉर्डातली हजाराच्या आसपास घरं पाडली गेली आणि १९५८ मध्ये रिचमंड-पीटर्सबर्ग टर्नपाइक सुरू झाला, तोच आजचा आय-९५. रस्त्यापलीकडे उरलं ते गिल्पिन कोर्ट, १९४० च्या दशकात बांधलेली सरकारी भाड्याची वसाहत.

या पुलाच्या दोन्ही बाजूंनी फिरत, फोनच्या पडद्यावर वांशिक विषमतेचे आकडे प्रत्यक्ष जागेवर दाखवायचे, असं आमच्या लहानशा गटाने ठरवलं होतं. चौघं होतो: एक प्रोग्रामर, इतिहासाची एक विद्यार्थिनी, याच शहरात वाढलेली आणि वस्तीपातळीवर काम करणारी एक बाई, आणि आकड्यांचं काम करणारा मी. चौघांपैकी कृष्णवर्णीय ती बाई एकटीच. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

हे प्रकरण लिहून ठेवतोय कारण आमच्या पहिल्या आवृत्तीतलं जवळपास सगळं चुकलं. तंत्रज्ञान बरं चाललं होतं, चुकत होती मांडणी. ऑगमेंटेड रिॲलिटीत, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेवर चित्रं उभी करण्याच्या तंत्रात, आकडे मांडताना कुणाकडूनही होतील अशाच त्या चुका होत्या.

खांब

पहिला थांबा संपत्तीचा. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, दर तीन वर्षांनी कुटुंबांच्या आर्थिक स्थितीचं सर्वेक्षण करते. २०२२ च्या सर्वेक्षणात गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. मध्यक म्हणजे सगळ्यांना ओळीने उभं केलं तर बरोबर मधोमध येणारं कुटुंब. सरासरी घेतली की मूठभर अब्जाधीश सगळा आकडा वर ओढतात, म्हणून आम्ही मध्यक धरला.

प्रमाण ठरवलं हजार डॉलरला एक सेंटिमीटर. गोऱ्या कुटुंबाचा खांब २ मीटर ८५ सेंटिमीटर, हात वर केला तरी टोक लागणार नाही. कृष्णवर्णीय कुटुंबाचा ४५ सेंटिमीटर, म्हणजे गुडघ्याशी. कागदावरचा आलेख कितीही मोठा छापला तरी तो कागदच राहतो. इथे एक खांब गुडघ्याशी येतो आणि दुसऱ्याचं टोक बघायला मान वर करावी लागते. कार्यालयाच्या व्हरांड्यात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आम्ही चौघंही गप्प झालो होतो. तो गप्पपणा आम्ही यश समजलो.

रस्त्यावर आणल्यावर मात्र खांब खोटं बोलायला लागले. बघणारा कुठे उभा राहील यावर आमचा ताबा नव्हता. समजा लहान खांब दोन पावलांवर आहे आणि मोठा बारा-तेरा पावलांवर. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात, कारण लांबची वस्तू अंतराच्या प्रमाणात लहान होते आणि आमच्या दोन आकड्यांतलं प्रमाणही नेमकं सहा पटीच्या आसपास. एक जण फोन धरून फिरत फिरत अशाच जागी पोचला आणि म्हणाला, "म्हणजे आता फारसा फरक नाही, असं म्हणायचंय का?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्येच प्रयोग करून दाखवलं होतं की एकाच पट्टीवरची जागा माणूस सर्वांत अचूक जोखतो. मग लांबी, मग कोन, त्याखाली क्षेत्रफळ आणि घनफळ. त्रिमितीय खांब म्हणजे या उतरंडीचा तळ. ऑगमेंटेड रिॲलिटी अशी चित्रं फुकटात देते आणि ती दिसतात दिमाखदार, हाच धोका. शेवटी आम्ही खांबांची जाडी काढून टाकली. दोन सपाट पट्ट्या, एकाच भिंतीला टेकवलेल्या, एकमेकींना लागून. पायाची रेषा एक, अंतर एक. बघणारा कुठेही गेला तरी दोन्ही एकदमच जवळ येतात, एकदमच लांब जातात.

मोठी पट्टी पडद्यात मावत नाही, टोक बघायला फोन वर करावा लागतो, अशी तक्रार आली. इथे कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांची आठवण झाली. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनासाठी त्यांनी अटलांटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना घेऊन कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या जीवनाचे हातांनी रंगवलेले आलेख केले. त्यातला एक जॉर्जियातल्या कृष्णवर्णीयांच्या १८९० च्या लोकसंख्येचा. मोठ्या शहरांत ७८,१३९ जण, खेड्यापाड्यांत ७,३४,९५२. सरळ पट्टी काढली असती तर कागद पुरला नसता. त्यांनी ती लाल पट्टी चकलीसारखी गोल गुंडाळली. त्या आलेखाकडे मी कितीदा पाहिलं असेन, पण तो कागदाच्या मर्यादेवर काढलेला तोडगा आहे हे मला खांब उभे करेपर्यंत नीट कळलं नव्हतं. आमच्याकडे कागदाची मर्यादा नव्हती, म्हणून आम्ही पट्टी गुंडाळली नाही. मान वर करावी लागते तर लागू दे.

एवढं करूनही त्या थांब्यात एक अडचण राहिलीच, आणि ती भूमितीची नव्हती. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे १,८८,२०० आणि २४,१०० होते. म्हणजे तीन वर्षांत प्रमाण जवळपास आठ पटीवरून सव्वासहा पटीवर आलं. विषमता कमी झाली? दोन पट्ट्यांमधली उघडी जागा मोजली तर ती १६४ सेंटिमीटरवरून २४० झाली. महागाई वजा केली तरी दरी रुंदावलेलीच. विषमता वाढली? दोन्ही विधानं खरी आहेत. पट्टी उंचीने बोलते, म्हणून ती दरीचीच बाजू घेते. प्रमाण दाखवायचं तर वेगळं चित्र हवं. आम्ही दोन्ही वर्षं शेजारी शेजारी ठेवली आणि 'पट' आणि 'फरक' ही दोन बटणं दिली. फार सुबक तोडगा नव्हता. बहुतेक जण दुसरं बटण दाबत नाहीत, हेही पाहिलं.

जागा खोटी साक्ष देते

खरी चूक दुसरीच होती, आणि ती आमच्या इतिहासाच्या विद्यार्थिनीने काढली. ली स्ट्रीटवर ते खांब बघणारा प्रत्येक जण धरून चालत होता की हे आकडे या रस्त्याचे आहेत. ते तर साऱ्या देशाचे. लेखात तळटीप टाकता येते. इथे आकडा चक्क फुटपाथमधून उगवलेला दिसतो, घराच्या भिंतीला टेकलेला दिसतो. मग तळटीप वाचतो कोण? जागाच आकड्याची साक्ष देते, आणि ती साक्ष खोटी होती.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला, आणि या सगळ्या प्रकरणातून मी आजही सोबत बाळगतो तो हाच: जो आकडा या जमिनीचा आहे तोच जमिनीत रोवायचा. देशाचा, राज्याचा आकडा असेल तर तो हातात, म्हणजे पडद्याला चिकटलेला ठेवायचा. माणूस फिरला तर तोही बरोबर फिरेल, कुठल्या घराला टेकणार नाही. संपत्तीची पट्टी जमिनीतून काढली आणि फिरती केली. बघणाऱ्याच्या उंचीशी तुलना टिकली, याच रस्त्याचा आकडा असल्याचा दावा गेला.

या नियमामुळे थांबे एकदम कमी झाले. जनगणना विभागाच्या वार्षिक सर्वेक्षणातून वस्तीनिहाय उत्पन्नाचे आकडे मिळतात, पण लहान भागात नमुना लहान, त्यामुळे चुकीची शक्यता मोठी. कधी कधी अधिक-उण्याचा पट्टाच आकड्याएवढा. असे आकडे रोवायचे नाहीत असंही ठरलं. प्रोग्रामरचा चेहरा पडला. त्याने त्यांच्यासाठी फार देखणी हालचाल तयार केली होती.

लाल जमीन

दुसरा थांबा नकाशाचा. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, केंद्र सरकारने होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन काढलं. त्याचं काम गहाण घरं वाचवण्यासाठी नवं कर्ज देणं. १९३५ ते १९४० च्या दरम्यान या संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे केले आणि प्रत्येक वस्तीला कर्जाच्या जोखमीनुसार श्रेणी दिली: हिरवी, निळी, पिवळी, लाल. लाल म्हणजे धोकादायक. जॅक्सन वॉर्ड लाल. हे नकाशे २०१६ पासून 'मॅपिंग इनइक्वॅलिटी' या प्रकल्पातून सर्वांना खुले आहेत, आणि तो प्रकल्प याच गावच्या रिचमंड विद्यापीठाचा. आम्हाला आयत्या सीमारेषा मिळाल्या.

पहिल्या आवृत्तीत लाल भागात पाऊल टाकलं की पायाखालची जमीन लाल व्हायची. परिणाम जबर होता. लोक दचकून मागे सरायचे, मग हसायचे, मग एक पाय लाल आणि एक पाय पिवळ्यावर ठेवून फोटो काढायचे.

त्यात दोन दोष होते. पहिला साधा. ती रेषा खरी त्या जागी नव्हतीच. मूळ नकाशा हातांनी रंगवलेला, तो आजच्या नकाशावर ताणून बसवलेला, त्यात फोनचं स्थान काही मीटर इकडे तिकडे. सगळी चूक मिळून रस्त्याच्या रुंदीहून जास्त. आणि आम्ही मात्र सुरीने कापल्यासारखी कड दाखवत होतो. ती काढून लाल रंग अख्ख्या चौकाच्या लांबीत हळूहळू गडद होत जाईल असं केलं. फोटो काढणं बंद झालं. मला तर त्याचंच बरं वाटलं.

दुसरा दोष खोल होता. लाल जमीन बघून लोक म्हणायचे, "अच्छा, म्हणून हे असं झालं." नकाशाने झालं, असं. इतिहासकारांमध्ये यावर चांगलाच वाद आहे. या संस्थेची बहुतेक कर्जं नकाशे होण्याआधीच देऊन झाली होती, आणि ती कृष्णवर्णीय वस्त्यांतही दिली गेली. एमी हिल्यर यांनी फिलाडेल्फियाच्या कर्जनोंदी तपासून नकाशाला सगळा दोष देण्यावर शंका घेतली. उलट बाजूने, शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांना नकाशाच्या रेषांच्या दोन्ही बाजूंना पुढच्या दशकांत घरमालकी आणि घरांच्या किमतीत फरक पडत गेलेला दिसला. ज्या यंत्रणेबद्दल फारसा वाद नाही ती वेगळीच: घरकर्जांचा विमा उतरवणारी, १९३४ ची फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन. तिच्या १९३८ च्या नियमपुस्तिकेत वंशावरून वस्ती वेगळी ठेवणारे करार घरांच्या दस्तऐवजात असावेत, अशी शिफारसच होती. लाल नकाशा म्हणजे त्या काळाच्या नजरेचा उत्तम पुरावा. एकट्याने सगळं घडवणारा हात म्हणून तो दाखवणं चूक.

पण नकाशा दिसतो, नियमपुस्तिका दिसत नाही. कॅमेऱ्यासमोर उभं करता येईल ते कारण होऊन बसतं, आणि कागदपत्रांत राहिलेलं बाजूला पडतं. ऑगमेंटेड रिॲलिटीत हा झुकाव जात्याच आहे असं माझं मत झालंय. आम्ही लाल जमीन ठेवली, पण एका वर्षाची. पडदा बाजूला सरकवला की थर बदलतो: १९०३ ची बँक, १९३७ चा नकाशा, १९३८ च्या पुस्तिकेतलं वाक्य, १९५८ चा रस्ता. बाण नाहीत. काय कशामुळे झालं ते बघणाऱ्याने स्वतःच जुळवायचं.

फोन कुणाच्या हातात

एक संध्याकाळ. आमच्यातल्या त्या रिचमंडच्या बाईला मी म्हटलं, जरा त्या घराच्या खिडकीकडे फोन धरून उभी राहतेस? अँकर, म्हणजे चित्राला खऱ्या जागेशी बांधणारी खूण, बसतोय का बघू. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अंधार पडायला लागलाय. मी अनोळखी माणसाच्या खिडकीवर फोन रोखून उभी राहू? तू राहा." मी राहिलो. मला कुणी काही बोललं नाही.

२०१६ च्या जुलैत पोकेमॉन गो, हा फोन घेऊन रस्त्यांवर फिरत खेळायचा खेळ, आला तेव्हा हाच प्रश्न जाहीरपणे विचारला गेला होता: परक्या वस्तीत घुटमळत फिरणं हा खेळ कृष्णवर्णीय माणसाने कसा खेळायचा? त्याच वर्षी अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने वॉशिंग्टन डीसीतल्या पोकेस्टॉपची, म्हणजे खेळात बक्षिसं मिळण्याच्या ठिकाणांची, मोजणी केली. गोऱ्या बहुसंख्येच्या वस्त्यांत सरासरी ५५, कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत १९. कुणी ठरवून केलं नव्हतं. ती ठिकाणं आधीच्या एका खेळातल्या खेळाडूंनी सुचवलेली होती, आणि ते जिथे राहत-फिरत तिथली होती. विषमता दाखवायला आम्ही जे साधन हातात घेतलं होतं त्याच्याच पोटात ती आधीपासून होती.

आमच्याकडे ती वेगळ्या रूपात आली. दृश्यावरून स्थान ओळखणारी प्रणाली इमारतींचे दर्शनी भाग ओळखून फोन नेमका कुठे आहे ते ठरवते. जॅक्सन वॉर्डात ओतीव लोखंडाच्या नक्षीदार कठड्यांचे व्हरांडे, प्रत्येक घर वेगळं, ओळख चटकन पटायची. गिल्पिन कोर्टात विटांच्या एकसारख्या इमारती, ओळीने. प्रणाली गोंधळायची आणि आकडा एक इमारत सोडून पुढच्या इमारतीवर नेऊन टेकवायची.

अशाच एका सकाळी मी तो भरकटलेला आकडा दुरुस्त करत होतो. समोरच्या पायऱ्यांवर एक वयस्क बाई बसल्या होत्या. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "काय दिसतंय रे तुला माझ्या घरावर?"

फोन त्यांच्या हातात दिला. पडद्यावर त्यांचं दार, दाराच्या वर हवेत पांढरा आकडा: ६३. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाच्या संशोधकांनी शहरातल्या वस्तीनिहाय आयुर्मानाचा नकाशा केला होता. गिल्पिनचं आयुर्मान ६३ वर्षं. आमच्या नियमात बसणारा, याच जमिनीचा आकडा.

"त्रेसष्ट काय?"

मी सांगितलं. त्यांनी फोन खाली केला, दाराकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा फोन वर केला.

"मी एकाहत्तर वर्षांची आहे."

मी काहीतरी सांगू लागलो, की ही सरासरी असते, आत्ता जन्मलेल्या बाळाचा हिशेब असतो, आजचे मृत्युदर पुढे तसेच राहतील असं धरून. ऐकता ऐकता त्या म्हणाल्या, "बरं. मग इतरांचं किती?"

वेस्टओव्हर हिल्स, जेम्स नदीच्या दक्षिणेला, तिथे ८३, मी म्हटलं.

"ते कुठे दिसतं?"

ते दिसत नव्हतं. ८३ तिथे रोवलेला होता, काही मैलांवर, दुसऱ्या फुटपाथवर. आमच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर जागी.

गाडी चालवत परत येताना मी त्या प्रश्नाभोवतीच फिरत होतो. विषमता ही दोन ठिकाणांमधली गोष्ट आहे. ऑगमेंटेड रिॲलिटी माणसाला एका ठिकाणी उभं करते आणि तिथलंच दाखवते. आम्ही गिल्पिनमध्ये येणाऱ्याला गिल्पिनचं मरण दाखवत होतो, आणि ज्याच्याशी तुलना केल्यावरच त्या आकड्याला अर्थ येतो ते शहराच्या दुसऱ्या टोकाला सुखरूप ठेवत होतो. विषमतेचा आलेख म्हणून आम्ही केला होता तो गरिबीचा फलक, आणि तोही कुणाच्या तरी दारावर.

दारावरचा आकडा त्याच रात्री काढला. कुणाच्याही राहत्या घरावर काहीही टेकवायचं नाही, हा दुसरा नियम. तो पहिल्याच दिवशी सुचायला हवा होता.

पलीकडचं अलीकडे

मग कामाची दिशा उलटली. इथलं इथे दाखवण्याऐवजी तिथलं इथे आणायचं.

पहिला प्रयोग सावलीचा. २०१७ च्या उन्हाळ्यात सायन्स म्युझियम ऑफ व्हर्जिनियाच्या जेरेमी हॉफमन यांच्या पुढाकाराने शहरभर तापमान मोजलं गेलं, आणि एकाच दुपारी शहरातल्या सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड जागांत १५ अंश फॅरनहाइटच्या आसपास फरक निघाला. पुढे २०२० मध्ये हॉफमन, विवेक शांडस आणि निकोलस पेंडलटन यांनी १०८ अमेरिकी शहरी भागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या ९४ टक्क्यांत पूर्वीचे लाल भाग इतरांपेक्षा उष्ण होते, देशभरात सरासरी सुमारे २.६ अंश सेल्सियसने. हे उपग्रहाने टिपलेलं जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान आहे, हवेचं नव्हे. हे दोन फार वेळा एकत्र मिसळले जातात, सुरुवातीच्या मजकुरात आम्हीही मिसळले होते. कारण साधं: डांबर, काँक्रीट जास्त, झाडं कमी.

म्हणून आम्ही हिरव्या श्रेणीतल्या एका रस्त्यावर जाऊन चौकापासून चौकापर्यंतची झाडं मोजली, त्यांचा घेर नोंदवला, आणि तेवढीच झाडं, तेवढ्याच अंतराने, गिल्पिनमधल्या तेवढ्याच लांबीच्या रस्त्यावर पडद्यात उभी केली. त्यांची सावली खऱ्या फुटपाथवर पडलेली दिसायची. बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दोन रस्ते एकावर एक यायचे, एक खरा आणि एक दुसऱ्याचा. आकडा कुठेच नाही. मला विचाराल तर सगळ्या कामात हा एकच थांबा असा की जो ऑगमेंटेड रिॲलिटीशिवाय झालाच नसता.

आणि नेमका हाच भर दुपारी बंद पडायचा. फोन तापला की पडद्याचा उजेड आपोआप कमी करतो, उन्हात मग काही दिसत नाही. खऱ्या सावलीत उभं राहावं तर सावली नाही, तोच तर थांब्याचा विषय. एक मुलगा पडद्यातल्या झाडाखाली जाऊन उभा राहिला आणि ओरडला, "इथे पण तेवढंच ऊन आहे!" तो गंमत करत होता, पण हा थांबा दुपारी ठेवूच नये हे आम्हाला त्यानेच पटवलं. आता तो सकाळी दहाच्या आत.

पुलावर एक घर आहे. डुव्हाल स्ट्रीटवर अब्राहम स्किपविथ यांचं घर होतं. ते जॅक्सन वॉर्डातले माहीत असलेले पहिले कृष्णवर्णीय घरमालक, अठराव्या शतकाच्या अखेरचे. महामार्गासाठी ते घर उचलून गूचलंड काउंटीत, गुलामांच्या श्रमावर चाललेल्या एका जुन्या मळ्याच्या जागेवर नेऊन ठेवलं गेलं. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाचं घर मळ्यावर! एका स्थानिक संस्थेने त्याच्या पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं. आम्ही फक्त त्याची बाह्यरेषा, पांढऱ्या दोरीसारखी, रस्त्याच्या हवेत टांगली. भिंती भरल्या नाहीत, कारण बारकावे आम्ही कल्पनेने भरले असते. खालून ट्रक जातात, रेषा हलत नाही.

राहिला ६३ चा थांबा. तो आम्ही चालायचा केला. एक पाऊल म्हणजे एक वर्ष. फुटपाथवर दोन रेषा शेजारी शेजारी निघतात. त्रेसष्टाव्या पावलाला एक संपते, दुसरी आणखी वीस पावलं जाते. ती वीस पावलं चालून बघायची, वाटलं तर. सुरुवातीला मजकूर: 'या वस्तीत आणि वेस्टओव्हर हिल्समध्ये जन्मलेल्या बाळासाठी.' आकडे शेवटी. लोक मोजत जातात, त्रेसष्टला अडखळतात. पुढची वीस बहुतेक जण जरा घाईने चालतात, का ते मला सांगता येणार नाही.

फक्त तंत्राने इथे दगा दिला. त्र्याऐंशी पावलं म्हणजे पन्नास-साठ मीटर. फोन कॅमेरा आणि हालचालीच्या संवेदकांवरून स्वतःची जागा मोजत राहतो आणि प्रत्येक पावलाला बारीक चूक साठत जाते. चाळिशीनंतर रेषा हळूच वळून रहदारीच्या रस्त्यात शिरायची. डोळे पडद्यावर असलेल्या माणसाला आम्ही गाड्यांकडे नेत होतो. दर पंधरा पावलांनी दिव्याच्या खांबांवर ओळखचित्रं लावावीत असा विचार झाला. त्यासाठी परवानगी हवी होती, ती लवकर मिळेना.

वाट बघण्यात उन्हाळा जायला आला तेव्हा रिचमंडच्या बाईने विचारलं, "याला फोन कशाला लागतो?" आणि एका शनिवारी ती रंगीत खडूंचा डबा घेऊन आली. दोन रंग, दोन रेषा, प्रत्येक पावलाला आडवी खूण. अर्ध्या तासात झालं. फोन नसलेले चालले, लहान मुलं तर तीनतीनदा चालली. प्रोग्रामर थोडा खट्टू झाला, मग त्यानेच खुणांमधलं अंतर सारखं राहावं म्हणून दोरी आणली. ॲपमधून तो थांबा आम्ही काढून टाकला. झाडं, घर, लाल थर आणि हातात फिरणारी पट्टी एवढंच आता फोनवर आहे.

खडूच्या रेघा पहिल्याच पावसात गेल्या. पुन्हा आखायला गेलो तेव्हा त्या बाई पायऱ्यांवरच होत्या. मुलं दोरी धरून उभी होती.

"आकडा तोच का?" त्यांनी विचारलं.

तोच, म्हटलं.